टोटल

डेनीस नावाची बाई फोनवर म्हणाली,
मॅडम, तुमची गाडी टोटल झाली.
मी विचारलं, किती झाली?

शाळेपासून टोटल म्हणजे बेरीज.
रेघ मारायची, हातचा धरायचा, खाली उत्तर.
रेघेखाली काहीच उरलं नाही की
ओहायोत त्याला टोटल म्हणतात.

आकडा मग तिनेच दिला : पाच हजार दोनशे साठ,
वजा डिडक्टिबल पाचशे.
भाड्याची गाडी शुक्रवारपर्यंत.
आणि मुलगा बरा आहे ना?
हो, बरा आहे.

रुळांपलीकडच्या यार्डात सामान आणायला गेले.
निनाद आला, पण कुंपणाच्या आत आला नाही.
एअरबॅगा लोंबत होत्या, दुधावरच्या सायीसारख्या.
बर्फ खरवडायचा ब्रश, एक हातमोजा,
डॅशबोर्डवरचा दगडूशेठ (चिकटलेला, निघेना),
आणि तांदूळ.
त्या दिवशीची वीस पौंडांची गोणी मागे फुटलेली.
सीटच्या फटीत, पेडलखाली, कपहोल्डरमध्ये तांदूळ,
जणू कुणी भलत्याच दारात माप ओलांडलं.
यार्डवाल्याने पाना दिला, म्हणाला, नंबरप्लेट काढून न्या.
चार स्क्रू. चौथा गंजलेला.
लाल सिग्नल कुणाचा होता, हे मी
तेव्हाही विचारलं नाही, अजूनही नाही.

मग अ‍ॅक्रनभर गाड्या.
दुकानांपुढे जत्रेसारख्या पताका,
देव कुठला ते कळत नाही.
कर्टिस किंमत सांगत नाही, विचारतो,
महिन्याला किती झेपेल?
स्थळ दाखवावं तशी दाखवतो :
एकच मालकीण, चर्चला जाण्यापुरती वापरलेली.
छापील पत्रिकाही देतो. मंगळ नाही, अपघात नाही.
मी मॅट उचलते. खाली गाळ, वाळलेला, भेगाळलेला.
बहुतेक बीचवर नेली असेल, कर्टिस म्हणतो.
मी त्याच्याकडे बघते, तो पताकांकडे.

दुसरीचा दरवाजा दोनदा रंगवलेला.
तिसरीत इतका सुगंध मारलेला की
काहीतरी मेलंय हे उघड होतं.
चौथी चांगली होती. नऊ हजार.
चार हजार सातशे साठ पर्समध्ये घेऊन
चांगल्या गाडीभोवती
दोन प्रदक्षिणा घातल्या, फुकट.

निनाद कशातच बसत नाही.
खिडकीतून वाकून फक्त मोजतो :
पुढे दोन, बाजूला दोन, वर पडदा.
चालवून बघतोस? कर्टिसने किल्ली पुढे केली,
तर हात खिशात.
लायसन्स मिळून सात आठवडे झालेत त्याला.

गुरुवारी, कायाहोगा फॉल्समध्ये, मिसेस होर्वाथ.
डोळ्यांत मोतीबिंदू, अंगणात मीठ टाकलेलं,
गॅरेजमध्ये राखाडी ब्यूइक.
ऑइल बदलल्याची प्रत्येक पावती बुटांच्या खोक्यात,
तारखेवार, रबर लावून.
डाव्या बाजूला ओरखडा आहे, तिने आधीच सांगितलं,
तो टपालपेटीचा नाही, माझा आहे.
पाच हजार म्हणाली. मी चार सहाशे म्हटलं.
तिने कॉफी केली. चार आठशेवर आलो.
वरचे चाळीस मी खिशातले घातले.

कोण चालवणार? तिने विचारलं.
मी म्हणून तोंड उघडलं
आणि गॅरेजमधून आवाज आला : कट्, कट्.
ड्रायव्हरची सीट दोन खाचा मागे सरकत होती.

मी घाई केली नाही. खोकं घेतलं, सही केली,
बुटांच्या नाड्या उगाच पुन्हा बांधल्या.
पलीकडच्या सीटवर बसले तेव्हा
तो आरसा नीट करत होता.
बाहेर बारीक बर्फ पडायला लागलेला.
त्याच्या जॅकेटच्या टोपीत तांदळाचा एक दाणा.
काढला नाही.

बऱ्याच वेळाने,
अकरा दिवसांत पहिल्यांदाच मराठीत,
तो म्हणाला,
आई, याचे वायपर कुठून लावायचे?